‘भाकर्या’ नव्हे हो, ‘भाकऱ्या’!

मावशीच्या गाळ्यावर पाटी लावायची होती. नाव ठरलेलं: ‘मावशीच्या भाकऱ्या’. खाली बारीक ‘पिठलं गरमागरम’. अक्षर मात्र गुबगुबीतच हवं, हा तिचा हट्ट. मी ‘बलू 2’ दाखवला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींचा फॉन्ट, मुक्त परवान्याचा, गूगल फॉन्ट्सवर फुकट. (गुजरातीत तो ‘बलू भाई’, बंगालीत ‘बलू दा’, तमिळमध्ये ‘बलू तंबी’, घरचीच मंडळी.) ‘फुगलेल्या भाकरीसारखं आहे,’ म्हणाली. झालं काम, असं मला वाटलं.

मग पाटीवाला.

त्याच्याकडे फाइल उघडली तर ‘पि’ची वेलांटी ‘ठ’ला जाऊन चिकटलेली आणि ‘ऱ्या’चा पाय मोडलेला. त्याचं कोरल (पाट्या आखायचं सॉफ्टवेअर) जुनं, युनिकोडची, म्हणजे आजच्या प्रमाण पद्धतीनं टाइप केलेली, जोडाक्षरं त्याला जुळवता येईनात. ‘टेन्शन नाही ताई, आपल्या फॉन्टात मारतो,’ म्हणाला आणि पडद्यावर उमटलं ‘भाकर्या’. रफार! म्हटलं, दादा, हा ‘आचार्या’तला र्य झाला. ‘कोण बघतंय हो!’

मी बघतेय ना!

दुसऱ्या खेपेला अक्षरांचे आकार करूनच फाइल नेली, म्हणजे फॉन्टची भानगडच नको. ॲक्रिलिक लेझरवर चढलं आणि हातात आले तुकडे. ‘भ’ वेगळा, काना वेगळा, काडीसारखा. देवनागरी फॉन्टात शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर जराशी चढलेली असतात, म्हणून रेघ सलग दिसते. लेझरला प्रत्येक अक्षराची कड निराळी. तो बिचारा प्रत्येक सांध्यावर इमानदारीत कापत गेला. पैशांचं विचारलं तर ‘फाइल तुमची होती’. खरंच होतं, म्हणून जास्तच चिडले.

तर, हे सांधे जोडायला इंकस्केपमध्ये (हेही आखायचं सॉफ्टवेअर) मजकुराचा पाथ करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, अनग्रुप करा, मग एकेक शब्द निवडून युनियन, म्हणजे सगळे आकार मिळून एकच. कोरलमध्ये यालाच वेल्ड म्हणतात. आतला रंग काढून नुसती बाह्यरेषा ठेवून बघा. शिरोरेषेत उभी चीर दिसली तर सांधा अजून सुटाच आहे. आणि त्याआधी मूळ फाइलची प्रत ठेवा, नंतर शुद्धलेखन सुधारता येत नाही. मी ठेवली नव्हती.

चौथ्या हेलपाट्यात दोन शब्दांच्या दोन अखंड लाल पट्ट्या हातात पडल्या. पाटीवाल्यासमोर ‘ऱ्या’वरून बोट फिरवून घेतलं. मुद्दाम.

जाडीचं सांगायचं राहिलं. आधी एक्स्ट्राबोल्ड घेतला होता, पण रस्त्यापलीकडून ‘च्या’तली पोकळी बुजल्यासारखी दिसायची. बोल्डवर आले. फोनवर नखाएवढं करून पाहिलं तरी हे कळतं, कागद छापायची गरज नाही.

आणि हो, इंग्रजी नाव टाकणार असाल तर ते मराठीपेक्षा मोठं चालत नाही. 2022 पासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची आहे. मावशीकडे माणसं दोन, त्यातली एक मी.