पुनर्लेखनाची नोंद: माईंच्या डोक्यातून बाहेर

गोष्ट आता ३,४०० शब्दांवर आली आहे. मागची नोंद लिहिली तेव्हा ५,२०० च्या घरात होती. शब्द कमी करायचे म्हणून कमी केले नाहीत. व्याकरणाचा एक गुंता सोडवायला गेलो आणि पावणेदोन हजार शब्द आपसूक गळाले. ही नोंद मुख्यतः त्याबद्दल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गोष्ट वरळीच्या बीडीडी चाळीतली. ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासात तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसं थेट ५०० चौरस फुटांत गेली. माझं कुटुंब काल्पनिक आहे: माई, त्यांचा मुलगा, सून सुनंदा. घर बदलल्यानंतरचा पहिला आठवडा, एवढाच काळ.

गोष्टी लिहून एकमेकांना वाचून दाखवणाऱ्या आमच्या गटाची पद्धत अलीकडे बदललीय, ती आधी सांगतो. पूर्वी ज्याची गोष्ट तोच वाचायचा, मग बाकीचे बोलायचे आणि लेखकाने तोंड मिटून ऐकायचं. लेखकाने गप्प बसायची ही रीत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ साली सुरू झालेल्या कार्यशाळेमुळे जगभर पसरली, आणि ती चांगलीच आहे. लेखक खुलासे द्यायला लागला की चर्चा गोष्टीवरची सुटून त्याच्या हेतूंवर जाते. पण आमच्यातल्या एकाला नाटकाचा नाद आहे. तो वाचायला लागला की वाण्याची यादीसुद्धा एकांकिका वाटते. त्याच्या गोष्टीत दोष निघेनात, आणि घरी जाऊन वाचल्या की निघायचे. म्हणून आता गोष्ट दुसऱ्याने वाचायची, तीही आधी न चाळता. लेखकाने पेन्सिल घेऊन बसायचं आणि वाचणारा कुठे अडखळला, कुठे मागे जाऊन वाक्य परत धरलं, कुठे आवाज सपाट झाला, तिथे खुणा करायच्या. ‘छान जमलीय’ म्हणायला बंदी. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर हे जमत नाही, नेट्समधला आरडाओरडा वाचणाऱ्याच्या वर जातो. त्यामुळे सध्या नायगावला काकांच्या सोसायटीच्या ऑफिसात बसतो.

हे काका बेस्टमधून निवृत्त झालेले. वाचनात कसलाही अभिनय नाही, थांब्यांची नावं पुकारल्यासारखं सरळ वाचतात. माझ्या गोष्टीला असाच आवाज हवा होता. पहिली तीन पानं गाडी नीट चालली. मग हा परिच्छेद आला:

‘माई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली माणसं दिसत नव्हती, नुसते ठिपके. तिला वाटलं, इतक्या वरून कुणाला हाक मारणार? पन्नास वर्षं एवढ्याशा खोलीत काढल्यावर हे घर तिला फार परकं वाटलं.’

काका ‘तिला’पाशी थांबले. मागे गेले, ‘उभ्या राहिल्या’ पुन्हा वाचलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “ही ‘ती’ कोण रे? सुनंदा का?”

लेखकाने बोलायचं नाही, म्हणून मी नुसती मान हलवली. पण पुढचा अर्धा तास गटात त्यावरच वाद झाला, आणि ऐकण्यासारखा झाला. निवृत्त शिक्षक असलेल्या सरांचं म्हणणं, हे सरळ प्रूफाचं काम, सगळीकडे ‘त्यांना’ कर आणि पुढे चल. परळच्या हॉस्पिटलात नर्स असलेल्या ताईंना ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, “सर, माणूस स्वतःच्या मनात स्वतःला अहो-जाहो करतं का? माई एकट्या विचार करत असतील तर तिथे ‘त्यांना’ खोटं वाटेल.”

मला वाटतं मराठीत निवेदक कुठे उभा आहे हे लपवताच येत नाही. ‘आजी म्हणाली’ लिहिलं की नातू बोलतोय. ‘माई म्हणाल्या’ लिहिलं की सून तरी आहे, नाहीतर शेजारीण. प्रथमपुरुषी लिहा, ‘मी गेले’ म्हणताच बाई कळली. क्रियापदच चुगली करतं. माझी गोष्ट वरवर तृतीयपुरुषी असली तरी सुरुवातीपासून सुनंदाच्या खांद्यावरून दिसते, म्हणून माई आदरार्थी. मध्येच माईंच्या मनात शिरायचं तर आदर दारात काढून ठेवावा लागतो, आणि मग काकांसारखा वाचणारा विचारतो, ही कोण?

दोन वाटा होत्या. एक, गोष्ट दोघींत वाटायची, माईंचे भाग एकेरीत. ते करून पाहिलं. गोष्ट लांबली आणि माई फार बोलक्या झाल्या. दुसरी, सुनंदाला सोडायचंच नाही. तिला जे दिसत नाही ते कागदावर नाही. म्हणजे माईंना काय ‘वाटलं’ हे लिहायचा हक्कच गेला. गळालेले शब्द ते हेच: माईंच्या आठवणी, खिडकीतले विचार, चाळीच्या व्हरांड्याबद्दलचं दीड पान. त्या जागी आता हे आहे:

‘सुनंदा कामावरून आली तर किचनच्या ओट्याखाली पिंप भरलेलं. चोवीस तास पाणी आहे हे तिने माईंना काल सांगितलं होतं, परवाही सांगितलं होतं. माईंनी पिंपावर झाकण ठेवलं, झाकणावर पाट, पाटावर तांब्या उपडा. “राहू दे,” त्या म्हणाल्या, “भरलेलं असलं की बरं.”’

‘एवढीशी खोली’ आणि ‘पन्नास वर्षं’ दोन्ही गेलं. काकूंनी (डोंबिवलीहून येतात, मोजकं बोलतात) एकच दुरुस्ती सुचवली. माझ्या खर्ड्यात तांब्या सुलटा होता. “उघडा तांब्या कोण ठेवेल? धूळ बसते,” त्या म्हणाल्या. लगेच बदललं.

शेवटाबद्दल मात्र मी गटाचं ऐकलेलं नाही. नाटकवाल्याला हवंय की माई एका रात्री उठून जुन्या चाळीकडे जातात आणि तिथे पाडकाम चालू असतं. रंगमंचावर टाळी पडेल. पण सुनंदा त्या वेळी झोपलेली असणार, मग हे कुणी पाहिलं? शिवाय गोष्टीतली म्हातारी माणसं उठसूट जुन्या घराकडे चालत का जातात, मला कळत नाही. शेवट मवाळ आहे ही तक्रार मला मान्य आहे, पण त्यावरचा उपाय माझा मीच शोधेन. गट दुखणं बरोबर सांगतो, औषध क्वचितच.

गिरगावातल्या मौज प्रकाशनाच्या संपादकांबद्दल जुने लेखक सांगतात, की त्यांच्या ‘सत्यकथा’ मासिकाकडे पाठवलेली गोष्ट लांबलचक पत्रासह परत यायची आणि लेखक ती पुन्हा लिहायला बसायचा. ते मासिक १९८२ मध्ये बंद झालं, गिरणी संप सुरू झाला त्याच वर्षी. ते पत्र आता आम्ही पाच-सहा जण मिळून रविवारी तोंडी लिहितो, असं मी मनाशी म्हणतो.

नर्स ताईंची गोष्ट पुढे सरकलीय. रात्रपाळीतली पेशंट म्हातारी मालवणी बोलते आणि ताईंनी प्रत्येक वाक्यानंतर कंसात प्रमाण मराठी दिलं होतं. सगळे कंस काढले. ‘गो बाय, माका झोप येणा नाय’ हे आमच्यातल्या नागपूरकरालाही कळलं, न कळायला काय झालं?

एक कोरडी पण कामाची सूचना. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघताहेत, ‘मनोरंजन’च्या का. र. मित्रांनी ती प्रथा सुरू केली, पण फॉन्टचं दुखणं आपल्याच पिढीचं. युनिकोडमधली गोष्ट अंकाच्या छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये नेताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’तला र हमखास मोडतो. गोष्टीसोबत पीडीएफ पाठवा, म्हणजे मुद्रितशोधकाला मूळ अक्षर दिसतं. आणि संवादात ‘केलं’, निवेदनात ‘केले’ असं काही ठरवलं असेल तर ते पत्रात एका ओळीत लिहा, नाहीतर कुणीतरी प्रेमाने सगळं एकसारखं करून टाकेल.

माझी गोष्ट आता महिनाभर बाजूला ठेवणार, मग फक्त शेवटचं दीड पान. पुढच्या रविवारी सरांची गोष्ट आहे आणि वाचायची पाळी माझी. बावीस पानं आहेत, सगळी हाताने लिहिलेली, आणि आधी चाळायची नाहीत.