केडलस्टन हॉल : कर्झनच्या घरी जाणार असाल तर एवढं वाचून जा

इंग्लंडला फिरायला येणाऱ्या आपल्या लोकांची यादी बहुतेक ठरलेली असते, चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम, झालंच तर विंडसर. केडलस्टन हॉल त्यात सहसा नसतो आणि मला ते फार खटकतं. १८९९ ते १९०५ भारताचा व्हाइसरॉय असलेला, बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन, त्याचं हे घर. आणि कलकत्त्याचं पूर्वीचं राजभवन (आताचं लोकभवन), जे गव्हर्नर-जनरल वेलस्लीने १८०३ साली पूर्ण केलं, ते याच घराच्या धर्तीवर बांधलंय. म्हणजे कर्झन व्हाइसरॉय होऊन कलकत्त्यात राहायला गेला तो आपल्याच घरासारख्या घरात!

जायचं कसं, तर लंडनच्या सेंट पॅन्क्रसहून डर्बीची थेट ट्रेन मिळते, साधारण दीड तास. डर्बीपासून हॉल आठेक किलोमीटर, पण बसच्या भरवशावर राहू नका, गाडी नसेल तर स्टेशनवरून सरळ टॅक्सी करा. १९८७ पासून हे घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिची मेंबरशिप असेल तर तिकीट लागत नाही. पार्क आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असतात, त्यामुळे घर आतून उघडं आहे का ते आदल्या दिवशी वेबसाइटवर नक्की बघा, नाहीतर फक्त बाहेरून बघून परत यावं लागेल.

घर बांधायला घेतलं १७५९ च्या सुमारास, वास्तुरचनाकार रॉबर्ट ॲडमने त्याला आत्ताचं रूप दिलं. मार्बल हॉलमध्ये शिरलात की आधी मान वर जाते. अलाबास्टरचे (संगमरवरासारखा दिसणारा मऊ दगड) २० खांब, गुलाबी-तपकिरी शिरा असलेले, भिंतीत खिडक्या नाहीत, उजेड सगळा छतातून येतो. हे घर राहण्यापेक्षा दाखवण्यासाठीच बांधलेलं, कुटुंब एका बाजूच्या विंगमध्ये राहायचं आणि अठराव्या शतकातही हाउसकीपर मिसेस गार्नेट आलेल्या पाहुण्यांना घर फिरवून दाखवायच्या. त्यांचं चित्रसुद्धा इथे लावलंय, मला ते फार आवडलं. आजही खोल्यांमध्ये व्हॉलंटियर्स असतात, बहुतेक निवृत्त मंडळी, त्यांना बिनधास्त प्रश्न विचारा, पाटीवर नसलेलं बरंच काही सांगतात.

पण वरचे दिवाणखाने बघता बघता दमून जाऊ नका, कारण आपल्यासाठी खरी गोष्ट खाली आहे, ईस्टर्न म्युझियम. कर्झनने आशियातून आणलेल्या आणि त्याला भेट मिळालेल्या वस्तू इथे आहेत, हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, आणि लेडी कर्झनचा तो मोराचा ड्रेस. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लाल किल्ल्यातल्या बॉलमध्ये, म्हणजे नाचाच्या समारंभात, तिने तो घातला होता. लांबून मोरपिसंच वाटतात, पण पीस एकही नाही, सगळं भारतीय कारागिरांचं जरदोजी काम आहे आणि शिलाई पॅरिसच्या वर्थ या नामांकित फॅशन हाउसकडची. तिथे उजेड मंद असतो, तर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की प्रत्येक पिसाच्या डोळ्यात निळसर-हिरवं चमकणारं काहीतरी दिसतं, ते भुंग्याच्या पंखांचं कवच आहे. मी काचेला नाक लावून एकेक टाका बघत होते. वर्थचं नाव सगळीकडे लिहिलं जातं, पण ज्यांनी हे भरतकाम केलं त्या हातांची नावं कुणाला माहीत असतात? त्याच कर्झनच्या काळात, १८९९-१९०० ला, आपल्याकडे भयंकर दुष्काळ पडला होता, तेही डोक्यात ठेवून बघावं असं मला मनापासून वाटतं.

घराला लागूनच ऑल सेंट्स चर्च आहे, तेही चुकवू नका. मेरी, म्हणजे लेडी कर्झन, १९०६ मध्ये गेली, तिच्यासाठी कर्झनने बांधलेली संगमरवरी समाधी आत आहे, तिच्यावर दोघांचेही पुतळे शेजारी शेजारी पहुडलेले. चर्च इथे एकटंच का उभं आहे, तर भोवतालचं गाव घरासमोरचा नजारा मोकळा व्हावा म्हणून हलवलं गेलं.

बाग म्हणाल तर फुलांचे ताटवे शोधू नका, इथे तळं, ॲडमचा दगडी पूल आणि लांबवर गवताची कुरणं. पुलाच्या पलीकडे गेल्याशिवाय घराचा उत्तरेकडचा दर्शनी भाग पूर्ण दिसत नाही, फोटो तिथूनच काढा. पाऊस पडून गेला असेल तर चिखल असतो, चांगले बूट हवेत, शिवाय मेंढ्या चरत असल्या तर लहान मुलांना जरा हाताशी धरा. घर आधी, चर्च आणि पार्क नंतर असा क्रम ठेवा, कारण घर लवकर बंद होतं, आणि परतीची टॅक्सी सकाळी उतरतानाच ठरवून टाका.