उथळ पाण्याची होडी आणि तिचे इंजिन

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याचा पूर्वेकडचा भाग हा धानाचा मुलूख आहे. या देशात पिकणाऱ्या तांदळापैकी जवळजवळ निम्मा तांदूळ एकट्या या राज्यात होतो, त्यामुळे गोंदियाच्या राइस मिलमध्ये यंत्रांची देखभाल शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला इथे काम मिळाले यात नवल नाही. जमीन सपाट आहे आणि बांध्या आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. हिवाळ्यात कापणी झालेल्या शेतांत मुद्दाम पाणी साठवतात, नद्यांच्या काठची ओकची जंगले कमरेइतक्या पाण्यात उभी राहतात, आणि कॅनडाच्या बाजूने मिसिसिपीच्या खोऱ्यातून खाली उतरणारी रानबदके सांडलेले धान व ओकची फळे खाण्यासाठी लाखोंनी इथे येतात. त्यांत तलवार बदक असते, थापट्याही असतो. याच दोन जाती मध्य आशियाच्या मार्गाने आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावावरही हिवाळ्यात उतरतात.

इथे या बदकांची शिकार होते, हे वाचून गावाकडच्या अनेकांना वाईट वाटेल, कारण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे आणि ती बंद असणेच मला योग्य वाटते. मी स्वतः बंदूक हाती घेत नाही. तरीही इथली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. सोळा वर्षे व त्यावरील प्रत्येक बदक शिकाऱ्याला दरवर्षी संघराज्य सरकारचे एक तिकीट विकत घ्यावे लागते. ही पद्धत १९३४ पासून चालू आहे आणि त्या पैशांतून पाणथळ जमिनी विकत घेऊन राखल्या जातात. शिशाचे छर्रे तळ्यात पडून पक्ष्यांना विषबाधा होत असे, म्हणून पाणपक्ष्यांच्या शिकारीत ते १९९१ पासून देशभर बंद आहेत. इंजिनाच्या होडीतून बंदूक चालवायची असेल, तर इंजिन पूर्ण बंद करून त्याने दिलेली गती संपेपर्यंत थांबावे लागते. म्हणजे इंजिन हे केवळ पहाटेच्या अंधारात जागेवर जाण्यासाठी आणि परत येण्यासाठी असते, आणि होडीची सगळी रचना या एका गोष्टीभोवती फिरते.

माझा संबंध येतो तो इंजिनाशी. मिलमधले माझे ज्येष्ठ सहकारी दर हिवाळ्याच्या आधी आपल्या होडीचे काम काढतात आणि मी त्यांना मदत करतो. यंदा त्यांनी जुनी होडी घेऊन तिच्यावर वेगळे इंजिन बसवायचे ठरवले, आणि ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आम्ही दोघांनी मिळून केले.

ही होडी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असते, सपाट तळाची, साधारण १४ फूट लांब आणि तळाशी ४ फूट रुंद. तळ सपाट असल्यामुळे रिकामी असताना ती काही इंच पाण्यातही तरंगते. परंतु तिच्यात दोन माणसे, एक कुत्रा, खऱ्या बदकांना भुलवण्यासाठीच्या नकली बदकांची पोती आणि पेट्रोलची टाकी चढली की ती खाली बसते, आणि इंजिनाचा पंखा तर तळाच्याही खाली असतो. उथळ पाण्याची खरी अडचण इथे आहे: होडी जिथून सहज सरकेल तिथून पंखा जाईलच असे नाही.

म्हणून पहिले माप घ्यायचे ते होडीच्या मागच्या उभ्या फळीचे, जिच्यावर इंजिन अडकवतात. फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतचे मध्यावरचे अंतर लहान होड्यांमध्ये बहुधा १५ इंच किंवा २० इंच असते आणि इंजिनेही त्याच दोन मापांच्या शाफ्टची, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची, मिळतात. १५ इंचांच्या फळीवर २० इंचांचे इंजिन लावले तर पंखा पाच इंच जास्त खाली जातो, आणि उथळ पाण्यात पाच इंच म्हणजे पार होणे आणि रुतणे यांतला फरक आहे. पंख्याच्या वर इंजिनाला एक आडवी सपाट पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्यापेक्षा जरासे वर यावी, असे इंजिन बसवतात. पट्टी फार वर गेली तर पंखा वरून हवा ओढतो, इंजिनाचा आवाज एकदम वाढतो आणि होडी मात्र पुढे सरकत नाही. फार खाली राहिली तर पाण्याचा अडथळा वाढतो आणि बुंधे पंख्याला लागतात. आम्ही होडी सपाट फरशीवर ठेवली, तळाखाली दुसरी एक सरळ पट्टी धरून ती मागे वाढवली आणि इंजिन लाकडी पाचरींनी वर-खाली करून ही रेषा जुळवली. या कामाला अर्धा दिवस गेला आणि तो द्यावाच लागतो.

फळी व इंजिन यांच्यामध्ये उचलणारी धातूची चौकट बसवून इंजिन आणखी वर घेता येते, आणि उथळ पाण्यात जाणारे अनेकजण तसे करतात. परंतु त्याला मर्यादा आहे. साधे आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवलेले, इंजिन थंड राहते ते बाहेरच्या पाण्यावर. पाणी ओढण्याची जाळी पंख्याजवळच असते आणि आतला रबरी इंपेलर ते पाणी वर चढवतो. जाळी पाण्याबाहेर आली किंवा गाळाने बुजली तर इंपेलर कोरडा फिरून थोड्या वेळात खराब होतो आणि मागोमाग इंजिन तापते. इंजिनाच्या बाजूने पाण्याची जी बारीक धार सतत पडते, तिच्यावर चालवणाऱ्याची नजर असलीच पाहिजे.

जुन्या होडीची मागची फळी तपासणे हे दुसरे मोठे काम. पत्र्याच्या आत प्लायवूड असते, बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते, आणि बाहेरून मात्र काही कळत नाही. हातोडीने ठोकून पाहिले की निरोगी लाकडाचा आवाज टणक येतो आणि कुजलेल्याचा बोदा. आमची फळी बोदी निघाली, म्हणून पूर्ण बदलली. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडेही ॲल्युमिनियमच्या होड्या येऊ लागल्या तर ती उपयोगी पडेल: वाळवी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड ॲल्युमिनियमला लागून ठेवू नये, कारण ओलाव्यात तांबे ॲल्युमिनियम खाऊन टाकते. साधे चांगले प्लायवूड घेऊन त्याच्या सगळ्या कडा इपॉक्सीने बंद केल्या, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतले, आतल्या बाजूने रुंद पट्टी व मोठे वायसर लावले आणि प्रत्येक भोकात सीलंट भरला. लहान इंजिन नुसत्या हाताच्या क्लॅम्पवरही राहते, पण चालताना क्लॅम्प सैल होतात. म्हणून बोल्ट आणि त्याशिवाय एक साखळी होडीला बांधलेली असावी.

किती अश्वशक्तीचे इंजिन चालेल, हे इथे मालकाच्या इच्छेवर नसते. २० फुटांपेक्षा लहान होडीवर कारखान्याने लावलेली एक पाटी असते आणि तिच्यावर माणसे, वजन व अश्वशक्ती यांची कमाल मर्यादा छापलेली असते. लांबी, मागच्या फळीची रुंदी आणि सुकाणूचा प्रकार यांवरून ती ठरते, आणि सपाट तळाच्या होडीला ती कमी मिळते.

माझ्या मते वजनाचा विचार अश्वशक्तीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि लोक तोच सोडून देतात. दहा अश्वशक्तीच्या आसपासचे चार-स्ट्रोक इंजिन साधारण ४० किलोचे असते. ते टोकावर लटकते, त्याच्याजवळ चालवणारा बसतो, आणि टाकी व बॅटरीही सोयीसाठी तिथेच ठेवली जाते. मग होडीचे तोंड वर उचलले जाते, मागचा भाग पाण्यात बुडतो आणि मोजून मिळवलेले दोन-तीन इंच हातचे जातात. आम्ही टाकी आणि बॅटरी पुढच्या बाकाखाली नेली, नळी व वायर लांब घेतल्या, आणि पाण्यात उतरवून दोघे आपापल्या जागी बसल्यावर होडी जवळजवळ समपातळीत राहते, हे पाहूनच बोल्ट शेवटचे आवळले.

ज्यांना पाण्यापेक्षा चिखलातूनच जास्त जायचे असते, ते वेगळेच इंजिन घेतात. थायलंडच्या कालव्यांत लांब दांड्याच्या टोकाला पंखा असलेल्या होड्या चालतात, त्याच तत्त्वावर लुइझियाना राज्यात बॅटन रूज येथे १९७७ पासून 'गो-डेव्हिल' नावाची इंजिने बनू लागली, आणि पुढे इतरांनीही ती काढली. हे इंजिन हवेने थंड होते, म्हणजे शेतातल्या पंपाच्या इंजिनाच्याच जातीचे असते. पाणी ओढायचे नसल्यामुळे गाळाची भीती नाही, आणि दांडा जवळजवळ आडवा असल्याने पंखा बुंध्यांवरून उडी मारून पुढे जातो. त्याचे दोषही मोठे आहेत. आवाज फार होतो, साध्या प्रकारांत मागे जाण्याची सोय नसते, आणि आखूड दांड्याच्या मोठ्या प्रकारांचे वजन १०० किलोच्या पुढे जाते, त्यामुळे होडीच्या मागे तरंगणाऱ्या हवाबंद पेट्या जोडाव्या लागतात.

सुरक्षिततेत एका दोरीचे महत्त्व सर्वांत जास्त आहे. चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली ही दोरी ताणली की इंजिन तत्काळ बंद पडते; १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालील बहुतेक इंजिनाच्या होड्यांत वेगाने जाताना ती वापरणे कायद्याने सक्तीचे आहे. डिसेंबरच्या थंड पाण्यात, अंधारात, जाड कपड्यांनिशी माणूस पडला आणि फिरत्या पंख्याची होडी त्याच्यावर वळली, तर काय होईल हे सांगायला नको.

माझा चुलतभाऊ आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मच्छीमार सहकारी संस्थेचे काम पाहतो. होडीचे फोटो पाहून त्याने फोनवर विचारले, "भाऊ, आपल्या डोंग्याले असं इंजिन लावता येते का जी?" मी त्याला तलाव कोणता, असे विचारले, कारण उत्तर त्यावरच अवलंबून आहे. इटियाडोहसारख्या मोठ्या जलाशयात, जिथे जाळी लांब टाकलेली असतात आणि वारा सुटला की वल्ह्यांनी काठ गाठणे कठीण होते, तिथे लहान इंजिन माणसाचे कष्ट वाचवेल आणि प्रसंगी जीवही वाचवेल. परंतु लाकडी डोंग्याला इंजिनासाठी सपाट मागची फळी नसते. ती नव्याने जोडली तरी तेवढे वजन आणि थरथर जुने लाकूड सोसेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि त्यासाठी सपाट फळीची वेगळी होडी घेणेच शहाणपणाचे होईल.

गावोगावच्या जुन्या मालगुजारी तलावांत मात्र इंजिन नेऊ नये, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. तिथे कमळ, शिंगाडा आणि देवधान म्हणजे रानटी भात आहे, काठाने बेशरम माजलेली आहे, आणि यांतले प्रत्येक झाड पंख्याला गुंडाळले जाईल. त्याहून मोठी हानी तलावाची होईल. पंखा तळचा गाळ ढवळतो आणि पाणवनस्पती मुळासकट उपटतो. मासेमारी करणाऱ्या धिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जे मासे जपले, ते याच वनस्पतींत अंडी घालतात, आणि सारस व हिवाळी बदके याच वनस्पतींच्या आधाराने राहतात. बांबूने रेटलेला डोंगा त्या पाण्यातून काही न मोडता जातो. संस्थेने इटियाडोहसाठी होडी घ्यायचे ठरवलेच, तर दुकानात जाण्यापूर्वी मागच्या फळीची उंची, सगळ्या माणसांचे व मासळीचे मिळून वजन आणि उन्हाळ्यात पाणी सर्वांत कमी असताना काठाजवळची खोली, एवढी तीन मापे मला पाठवायला मी त्याला सांगितले आहे.