छाटलेले कान आणि पुण्याचा पावसाळा
कुत्र्याचे कान केवळ रुबाबासाठी छाटू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनीतल्या अपोल्डा गावी करवसुलीचे काम करणाऱ्या एका गृहस्थाने डॉबरमन ही जात घडवली आणि त्याच जर्मनीत १९८७पासून कान छाटण्यावर बंदी आहे, हे मी इथल्या हौशी मंडळींना वारंवार ऐकवत असतो. तरीही मामेभावाने घेतलेले पिल्लू ऐन जुलैमध्ये आमच्या कोथरूडच्या घरी मुक्कामाला आले, ते विक्रेत्याकडूनच कान छाटून, कडांना टाके आणि कान उभे राहावेत म्हणून डोक्यावर टेपचे गुंडाळे घेऊन. अशा वेळी मतापेक्षा जखमेकडे पाहणे अधिक निकडीचे असते.

कानाचा बाहेरचा भाग म्हणजे दोन्ही बाजूंना कातडी आणि मध्ये कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण लगतच्या कातडीकडून होते. त्यामुळे कापलेली कड सावकाश भरते आणि जंतुसंसर्ग एकदा कूर्चेपर्यंत पोचला की तो आटोक्यात आणणे अवघड जाते. टाके साधारणपणे १० ते १४ दिवसांनी काढतात. तोपर्यंत गळ्यातला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही, कारण खाज सुटली की पिल्लू मागच्या पायाने एका झटक्यात टाका उसवते. ‘बिचाऱ्याला जेवता येत नाही’ म्हणून घरातले कोणी ना कोणी तो काढायला पाहतेच. त्यावर उपाय म्हणजे कोनाच्या तोंडात सहज मावेल असे छोटे भांडे थोडे उंचावर ठेवणे.

आमचा खरा झगडा ओलाव्याशी होता. भिजलेली टेप वाळेल या आशेवर तशीच ठेवली, तर आतली कातडी पांढरी पडून सोलवटते. शिवाय कुत्र्याची कर्णनलिका सरळ नसून आत वळलेली असते, त्यामुळे वरून गुंडाळलेल्या कानात हवा खेळत नाही आणि बुरशीला आयतेच घर मिळते. म्हणून पिल्लाला सोसायटीच्या पार्किंगमध्येच फिरवायचे आणि रोज टेपजवळ नाक नेऊन वास घ्यायचा, असा नेम मी ठेवला. आंबूस किंवा कुजकट वास आला की टेप त्याच दिवशी दवाखान्यात बदलून घ्यावी. पावसाळ्यात माश्याही असतात. उघड्या जखमेवर त्या बसल्या की अळ्या पडायला वेळ लागत नाही, तेव्हा पिल्लाला बाल्कनीत बांधून ठेवणे टाळावे.

टेप सैल असली तर निसटते, पण घट्ट असली तर त्याहून वाईट, कारण रक्तपुरवठा तुटून कानाचे टोक कायमचे जाऊ शकते. टोक गार लागले, निळसर किंवा काळपट दिसले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. पू, वाढती सूज, ताप किंवा अन्नावरची वासना उडणे ही लक्षणेही तितकीच गंभीर समजावीत. छाटणी बहुधा ८ ते १२ आठवड्यांच्या वयात होते आणि पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराच्या लसी तोवर पूर्ण झालेल्या नसतात. त्यामुळे दवाखान्यात पिल्लाला जमिनीवर न सोडता मांडीवर घेऊन बसलेले बरे.

आमच्या आत्याने हळद आणि खोबरेल तेलाचा लेप सुचवला होता. टाक्यांवर तो थापला की कड ओलसर राहते आणि खालची लाली दिसेनाशी होते, म्हणून मी आदराने नाही म्हटले. घरातली कॉम्बिफ्लॅम मात्र पिल्लापासून लांबच ठेवावी. तिच्यातले आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते. वेदनाशामक हवे असेल तर ते पशुवैद्याने वजन पाहून दिलेलेच असावे.

जखम भरल्यानंतरही कान उभे राहावेत म्हणून टेप लावणे कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने चालते, आणि दात येण्याच्या वयात उभा राहिलेला कान पुन्हा लवतो. त्या लवलेल्या कानाने कुत्र्याचे काहीही अडत नाही. अडते ते मालकाचे. आमच्याकडे उजवा कान अर्ध्यात मोडला, तेव्हा मामेभाऊ दुसऱ्या शस्त्रक्रियेची चौकशी करू लागला. ‘ऐकू येतंय ना त्याला?’ एवढेच विचारून डॉक्टरांनी साफ नकार दिला, आणि टेपही त्याच भेटीत निघाली.