एका खणात मावतील तेवढेच सीझन

हॉलमधलं टीव्ही युनिट बदलायचं ठरलं. सुताराने मापं घेतली आणि बायकोने उभ्या उभ्या वाटणी करून टाकली: डीव्हीडींना एक खण, बाकीचे तिचे. माझ्याकडे तोवर कपाटावर, पलंगाखाली, पुस्तकांच्या मागे असा सगळीकडे पसारा होता. निम्म्याहून जास्त खोकी कितीतरी वर्षांत उघडलेलीही नव्हती, त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं.

मालिकांची यादी करायला बसलो तर खण पहिल्या चार नावांतच भरला असता. म्हणून हिशेब सीझनवर आणला. लांब चाललेली मालिका सगळी सारख्या ताकदीची क्वचितच असते. एखाद्या वर्षी लेखक, नट, विषय सगळं जुळून येतं, मग पुढे गाडी नुसती सवयीने धावते. ते एक वर्ष ठेवायचं, उरलेली द्यायची.

चाळणी एकच लावली: शेवट तोंडपाठ असताना पाहण्यासारखं काही उरतं का? एखादा मधलाच भाग लावायचा आणि दहा मिनिटांत हात मोबाईलकडे गेला की तो सीझन बाद. खुनाच्या बहुतेक मालिका इथेच गळाल्या. अपवाद 1993 च्या ब्योमकेश बक्षीचा. खुनी कोण ते मला झोपेतही सांगता येईल, पण रजित कपूरचं ते आवाज न चढवता समोरच्याला कोंडीत पकडणं आणि के. के. रैनांच्या अजितचं थोडं मागून पोहोचणं बघायला मी कधीही बसेन. 1997 चा दुसरा सीझन वाईट नाही, मला पहिला पुरतो. शंकर नागचं ‘मालगुडी डेज’ तर चाळणीत घातलंच नाही. आगुंब्यातलं ते गाव आणि मास्टर मंजुनाथचा स्वामी काढून टाकायला घरात कोणी तयार झालंच नसतं.

खरा घोळ झाला ‘द वायर’ या अमेरिकन मालिकेपाशी. पाच सीझन, 60 भाग, 2002 ते 2008, आणि शहर एकच, बाल्टिमोर. दर सीझनला त्या शहराचा एक नवा थर उघडतो: ड्रग्जचा धंदा, बंदर, महापालिकेचं राजकारण, शाळा, वर्तमानपत्र. माझा जीव पहिल्यापासून दुसऱ्या सीझनवर. गोदी ओस पडत चाललेली, युनियनच्या पुढाऱ्याला काम परत आणायचंय, आणि त्यासाठी तो कुणाचे पैसे घेतो हे सगळ्यांना दिसतंय. माझे काका लालबागला गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर घरी बसले ते बसलेच. तो सीझन पाहताना मला सबटायटल लागत नाही म्हटलं तरी चालेल.

पण खणात गेला चौथा, 2006 चा. त्याचा पहिलाच प्रसंग बघा. हार्डवेअरचं दुकान, ड्रग्जच्या टोळीतली स्नूप नावाची पोरगी खिळे ठोकायची गन घ्यायला आलीय. विक्रेता इमानदारीत समजावतोय, बॅटरीवरची नको, ही काडतुसावर चालणारी घ्या, सिमेंटमध्येही खिळा जातो. तिला काडतुसाची भाषा लगेच कळते. खिशातून आठशे डॉलर रोख काढते, हातावर ठेवते, उरलेले तुलाच म्हणते आणि निघते. पहिल्यांदा पाहताना मी खदखदून हसलो होतो. (मालिका बघायची असेल तर पुढचं वाक्य सोडा.) ती गन ओसाड घरांच्या दारांवर फळ्या ठोकायला हवी असते, आणि आत मुडदे असतात. हे ठाऊक असताना तो सज्जन विक्रेता बघवत नाही. माझ्या चाळणीतून इतक्या दिमाखात दुसरं काही पार पडलं नाही.

त्याच सीझनमध्ये पोलिसातून बाहेर पडलेला प्रेझ गणिताचा मास्तर होतो. वर्ग ऐकत नाही, मग तो फासे आणतो आणि पोरांना संभाव्यता शिकवतो. जुगारात कधी काय पडेल हे त्या पोरांना हवंच असतं. या मालिकेचा एक कर्ता एड बर्न्स स्वतः बाल्टिमोरला आधी पोलीस आणि मग शिक्षक होता, त्यामुळे शाळेतला एकही प्रसंग रचलेला वाटत नाही.

ओटीटीवर आहे की, मग डिस्क कशाला, असं मुलगा म्हणाला. आहे, पण 2014 पासून रुंद पडद्यासाठी नव्याने केलेली आवृत्ती फिरतेय. मूळ चित्रण जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापाचं होतं आणि माझ्या डीव्हीडीवर तेच आहे. मालिकेचा जनक डेव्हिड सायमन यानेच त्या वेळी लिहिलं होतं की काही दृश्यं रुंद चौकटीत खुलली, काहींची मात्र मूळ बांधणी बिघडली. मला मूळ हवी.

‘फ्रेंड्स’वर घरात बैठकच बसली. हिच्या मते दहाच्या दहा सीझन, 236 भाग, काही काढायचं नाही. मी म्हटलं, मग तुझ्या खणात ठेव. शेवटी पाचव्यावर तोड निघाली, कारण मोनिका आणि चँडलरच्या प्रेमाचं गुपित फुटतं तो भाग त्यात आहे. इथेही डिस्कचा मुद्दा आहेच. डीव्हीडीवरचे भाग थोडे लांब आहेत, प्रसारणाच्या वेळी कापलेले तुकडे त्यात परत जोडलेत. हिला संवाद पाठ, त्यामुळे ओटीटीवर बघताना मध्येच म्हणते, “इथे एक वाक्य खाल्लंय.”

‘येस मिनिस्टर’ या ब्रिटिश विनोदी मालिकेचे तिन्ही सीझन आले. प्रत्येकी सातच भाग, जागा खात नाहीत. बाबा जिल्हा परिषदेत होते, इंग्रजी बेताचं, तरी त्यातल्या मंत्र्याच्या सचिवाचं, सर हम्फ्रीचं, लांबलचक वाक्य सुरू झालं की “फाईल फिरवतोय बघ” म्हणून मांडीवर थाप मारायचे. या डिस्का इंग्लंडच्या, म्हणजे रीजन 2 (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालावी, त्याचा हा क्रमांक). आपला रीजन 5, तेव्हा साध्या प्लेअरवर लागत नाहीत, सगळे रीजन घेणारा प्लेअर लागतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रीजन पाचदाच बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो, हेही लक्षात असू द्या.

आईचा प्रश्न सुटला नाही. ती कुडाळची, तिला ‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा सीझन हवा, अण्णा नाईक आणि शेवंताचा. पहिल्या सीझनमध्ये अण्णा सुरुवातीलाच जातात, दुसऱ्यात त्यांचा भूतकाळ येतो. निवड चोख आहे, मीही हाच ठेवला असता. पण रोजच्या मालिकेचे ढीगभर भाग, डिस्क नाहीच, बघायचं तर ॲपवर. माझा खण बघून आई म्हणाली, “अण्णा नाय, मगे ठेवलंस तरी काय?” ‘पंचायत’च्या 2020 च्या पहिल्या सीझनची तीच गत. आठ भाग, चाकांच्या खुर्चीवरून रुसलेला तो नवरदेव, सगळं मला कायमचं हवंय, पण मिळतं ते महिन्याच्या भाड्याने.

खणात ठेवण्याआधी प्रत्येक डिस्क लावून पाहिली. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल पुसायची नाही. उभ्या ठेवायच्या, खिडकीच्या उन्हापासून लांब. दोन-तीन अडकत होत्या, त्यांची बदली शोधतोय.

बाद झालेल्या डिस्का रद्दीवाला घेईना. भाच्याला फोन केला, बॉक्स सेट फुकट देतोय म्हटलं. तो खूश झाला, मग जरा थांबून म्हणाला, “मामा, पण घालू कशात?” त्याच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. आता मीच एक जास्तीचा प्लेअर घेऊन ठेवावा म्हणतोय. तो कुठे ठेवायचा हे अजून हिला विचारलेलं नाही.