कोथरूडमधल्या जुन्या फ्लॅटचा भाव कसा काढला : माझा अनुभव

कोथरूडमधला 1994 साली बांधलेल्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा तीन एजंटांनी तीन भाव सांगितले. खोलात गेल्यावर कळलं की एक जण कार्पेटवर (घरातली वापरायची जागा) बोलत होता, दुसरा बिल्टअपवर (भिंतींसकट) आणि तिसरा सेलेबलवर (जिना-लॉबीतला वाटाही धरून). चौरस फुटाचा दर विचारण्याआधी कोणत्या चौरस फुटाचा, हे विचारलंच पाहिजे.

म्हणून पहिलं काम मोजमापाचं. जुन्या करारनाम्यात 850 चौरस फूट बिल्टअप लिहिलं होतं. बिल्टअप म्हणजे कार्पेटच्या 1.2 पट हा जुना हिशेब लावला तर कार्पेट 708 यायला हवं. लेझर मीटरने खोलीखोलीत मोजलं तर 694 भरलं. प्लास्टर आणि टाइल्सच्या थरात एवढा फरक जातो. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येप्रमाणे आतल्या पार्टिशन भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. हॉलला जोडून घेतलेली बाल्कनी आपल्याला खोलीचाच भाग वाटते, पण बँकेचा व्हॅल्यूअर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा, मंजूर नकाशा उघडतो आणि तिला बाल्कनीच म्हणतो. महापालिकेत शुल्क भरून ती बंद करून घेतली असेल तर ती पावती शोधून ठेवा.

मग सरकारी दर. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्य दर तक्ता म्हणजे रेडी रेकनर पाहता येतो. जिल्हा, तालुका, गाव निवडून सर्व्हे नंबर टाकला की जमिनीचा आणि निवासी सदनिकेचा दर वेगवेगळा दिसतो, तोही चौरस मीटरला. चौरस मीटरवरून चौरस फुटाचा दर काढायला 10.764 ने भागायचं. जुन्या इमारतीसाठी घसारा, म्हणजे वयाप्रमाणे किमतीतली घट, लागतो आणि तो कसा लागतो यात सगळी गंमत आहे. समजा सदनिकेचा दर 90,000 आणि जमिनीचा 40,000. घसारा फक्त मधल्या 50,000 वर, म्हणजे बांधकामावर लागतो. वयामुळे बांधकामाची किंमत 75 टक्के धरली तर 37,500 होतात, त्यात जमिनीचे 40,000 जसेच्या तसे मिळवायचे. दर झाला 77,500. 850 चौरस फूट म्हणजे 79 चौरस मीटर, म्हणजे साधारण 61 लाख. इमारत म्हातारी होते, जमीन होत नाही, हे सरकारी सूत्रातच लिहिलेलं आहे. मजल्याचाही हिशेब आहे: लिफ्ट असेल तर पाचव्या ते दहाव्या मजल्याला 5 टक्के जास्त, लिफ्ट नसेल तर वर जावं तसा दर कमी.

हा आकडा विक्रीचा भाव नाही. करारातली रक्कम आणि हा आकडा यांत जो जास्त त्यावर मुद्रांक शुल्क बसतं. व्यवहार याच्यापेक्षा कमी रकमेत झाला आणि फरक 10 टक्क्यांच्या पुढे गेला, तर आयकरात दोघांनाही त्रास होतो.

खरा भाव मला सापडला तो इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यात. त्याच संकेतस्थळावरच्या मोफत शोधात वर्ष, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की नोंदवलेले दस्त दिसतात. प्रत्येक इंडेक्स टूमध्ये तीन रकाने वाचायचे: दुसरा मोबदल्याचा, तिसरा बाजारभावाचा (म्हणजे वरच्या सरकारी हिशेबाने आलेला आकडा), पाचवा क्षेत्रफळाचा. मी दीड वर्षापलीकडचे दस्त सोडले. बक्षीसपत्र, हक्कसोड आणि भाडेकरार काढून टाकले. मोबदला आणि बाजारभाव हजार-पाचशेच्या फरकाने जुळत होता ते दस्तही बाजूला ठेवले, कारण तिथे खरा भाव कागदावर आला असेलच याची खात्री नसते. एकाच सर्व्हे नंबरात नव्या टॉवरचे आणि जुन्या चार मजली इमारतींचे दस्त शेजारीशेजारी असतात, म्हणून इमारतीचं नाव वाचणं भाग आहे. शेवटी पाच दस्त उरले. त्यांचं क्षेत्रफळ कार्पेट की बिल्टअप हे तपासून सगळ्यांचा दर कार्पेटवर आणला. एजंटांच्या तोंडी भावांपेक्षा हे पाच कागद मला जास्त मोलाचे वाटले आणि आजही वाटतात.

त्या दरात मग आपल्या फ्लॅटप्रमाणे कमी-जास्त करायचं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. ज्येष्ठ मंडळी जिन्यातूनच परत फिरत होती. पार्किंगबद्दल गैरसमज फार आहेत. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधली जागा) स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. त्यामुळे पैसे मोजल्याच्या जुन्या पावतीपेक्षा सोसायटीचं वाटपाचं पत्र हातात हवं.

जुन्या पुण्यात रिडेव्हलपमेंटचा विषय निघाल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. इथे तीन गोष्टी बघाव्यात. प्लॉटचं क्षेत्रफळ आणि सभासद किती. समोरचा रस्ता किती रुंद, कारण 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही आणि बिल्डरला त्यात रस उरत नाही. आणि प्रॉपर्टी कार्डावर नाव सोसायटीचं आहे की अजून मूळ मालकाचं. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावे करून देणं) किंवा डीम्ड कन्व्हेयन्स (मालक करून देत नसेल तर सरकारी आदेशाने ते होणं) झालेलं नसेल तर अनुभवी खरेदीदार तिथेच भाव तोडतो. सर्वसाधारण सभेतल्या चर्चेला किंमत नाही. विकसन करारनामा नोंदवला गेल्यावरच भाव खऱ्या अर्थाने हलतो.

नदीकाठच्या घरांना आणखी एक तपासणी लागते: निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नेहमीच्या आणि मोठ्या पुराचं पाणी कुठवर येतं त्या नकाशावरच्या रेषा. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरल्यापासून खरेदीदार हे स्वतःहून विचारतात.

घर नटवण्यावर खर्च करावा का? ट्रॉल्या, फॉल्स सीलिंग यांचे पैसे वसूल होत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. गळती मात्र बंद करावीच, आणि रंगाच्या आधी. ओल तशीच ठेवून रंग मारला तर पावसाळ्यात पोपडे येतात आणि व्हॅल्यूअर फोटो काढून नेतो.

एक ठरलेला व्यवहार मोडला तो बँकेच्या मूल्यांकनावर. भाव ठरला 1 कोटी, व्हॅल्यूअरने लावले 92 लाख. 75 लाखांवरच्या कर्जात बँक मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंतच देते, आणि मूल्य म्हणजे करार आणि मूल्यांकन यांतलं कमी असलेलं. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला 80 टक्क्यांची सवलत असली तरी खरेदीदाराच्या बँकेने 75 चाच हिशेब धरला. कर्ज बसलं 69 लाख. खरेदीदाराने घरचे 31 लाख आणायचे, वर पुण्यातलं 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे 30,000. एवढी रोकड त्यांच्याकडे नव्हती. पुढच्या वेळी मी आधीच सगळे कागद एका फाइलमध्ये लावले: आधीच्या करारांची साखळी, भोगवटा पत्र, शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, फेडलेल्या कर्जाचं बँकेचं पत्र. 1990 च्या दशकातल्या दस्ताला मुद्रांक शुल्क कमी भरलेलं नाही ना, हेही वकिलाकडून पाहून घेतलं.

मागणीचा भाव त्या पाच दस्तांच्या दरापेक्षा 4 टक्के वर ठेवला आणि इंडेक्स टूच्या प्रती खरेदीदारासमोर ठेवल्या. घासाघीस झाली ती फक्त लिफ्ट नसण्यावर. 3 टक्के सोडून व्यवहार ठरला. रक्कम 50 लाखांच्या वर असल्याने खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापून भरला, आणि सोसायटीने हस्तांतरणाचे 25,000 घेतले. महापालिका हद्दीत त्यापेक्षा जास्त प्रीमियम सोसायटीला मागता येत नाही.