हत्यार राहू द्या, आधी कचरा बघा

व्हॉट्सॅपच्या इतिहासप्रेमी ग्रुपांवर हल्ली एक ठरलेला फोटो येतो. तळहातावर एक दगड, मागे बाईकची टाकी, आणि खाली प्रश्न, "हे आदिमानवाचं हत्यार आहे का?" लगेच उत्तरं सुरू होतात, एक जण म्हणतो हातकुऱ्हाड, दुसरा म्हणतो नुसता दगड आहे फेकून दे, तिसऱ्याला किंमत किती येईल ते हवं असतं. कुठे सापडला, आजूबाजूला अजून काय होतं, हे कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर उत्तर येतं, "गावाकडे".

तर हे जरा सविस्तर लिहून ठेवतो. माझ्याकडे पुरातत्त्वाची डिग्री वगैरे नाही, पण माळरानं फिरायची सवय आहे आणि जाणकारांच्या मागे मागे फिरून थोडं कळायला लागलंय.

आधी दगडाचं बघू. युरोपातल्या खडूच्या डोंगरांत जो फ्लिंट नावाचा काळपट दगड मिळतो तो आपल्या दख्खनच्या पठारावर नाही. इथे सगळा बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, पुढे त्या पोकळ्यांत सिलिका झिरपून साठत गेली आणि त्यातून झाली गारगोटी, कॅल्सिडनी म्हणा, अकीक म्हणा, कुठे लालपिवळा जास्पर. कातळ झिजून त्याची माती होते पण गारगोटी तशी झिजत नाही, म्हणून नगर, नाशिक, पुणे, जळगावकडच्या माळांवर ती अशी सांडलेली दिसते. फुटते मात्र अगदी फ्लिंटसारखीच, आणि धार अशी निघते की बोट जपून लावावं लागतं. माणसाने हजारो वर्षं तिच्यापासून पाती काढली ती याच गुणामुळे.

पण म्हणून प्रत्येक फुटलेली गारगोटी हत्यार नसते हो. ऊन-पावसाने फुटतात, बैलगाडीच्या चाकाखाली फुटतात, आणि आता तर रोटाव्हेटर आहे, तो एका फेरीत शेकडो "हत्यारं" बनवतो. मग ओळखायचं कसं?

माणसाने दुसऱ्या दगडाने घाव घालून जो तुकडा काढला त्याला छिलका म्हणतात. छिलक्याच्या एका टोकाला घाव बसला ती छोटी सपाट जागा राहते. तिच्या लगेच खाली, आतल्या बाजूला, अर्ध्या वाटाण्यासारखा एक फुगवटा येतो, त्याला बल्ब म्हणतात, आणि बल्बपासून पुढे बारीक वलयं पसरत गेलेली दिसतात, दिसली नाहीत तर नख फिरवून लागतात. इथपर्यंत बऱ्याच लोकांना यूट्यूब बघून माहिती असतं. पण नुसता बल्ब बघून उड्या मारू नका, कारण नांगराच्या फाळाचा घाव नीट बसला तरी बल्ब येतो, खडीच्या क्रशरमधून निघालेल्या तुकड्यावर पण येतो. खरी गोष्ट पाठीवर असते. छिलका उलटा करा. पाठीवर आधी काढलेल्या छिलक्यांचे खाचे दिसतायत का, किती दिसतायत, आणि ते एकाच दिशेने गेलेत का? एक घाव चुकून बसू शकतो, पण एकाच बाजूने, जवळपास एकाच कोनात, ओळीने तीनचार घाव चुकून बसत नाहीत.

दुसरं म्हणजे रंगाचा फरक. जुना फुटलेला पृष्ठभाग मंद पडतो, पांढुरका होतो, कधी त्यावर चुनखडीची पुटं चढलेली असतात. ताजा फुटलेला भाग चकचकीत दिसतो. एकाच दगडावर दोन्ही असतील तर कोणता खाचा कधीचा हे तिथल्या तिथे कळतं. धारेवरचे बारीक दात पण असेच तपासायचे. इकडे एक तिकडे एक, काही या बाजूने काही त्या बाजूने, असे असतील तर ते गुरांच्या पायाखाली किंवा नांगराला लागून झालेलं. एका बाजूने, सारख्या अंतराने, शिस्तीत काढलेले असतील तर मात्र थांबून नीट बघा.

आणि एक गंमत म्हणजे चकमकीचे दगड. काडेपेटी घरोघरी पोचायच्या आधी म्हातारी माणसं बटव्यात गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस घेऊन फिरायची, चिलीम पेटवायला. त्या गारगोटीच्या कडा सगळीकडून चेचलेल्या असतात, कधी लोखंडाच्या तांबूस रेघा पण दिसतात. ती आजोबांची असू शकते, आदिमानवाची नाही. (पण ती पण ठेवण्यासारखी वस्तू आहे, असं माझं मत.)

आता मुद्द्यावर येतो. लोक हत्यार शोधतात, म्हणजे सुबक, टोकदार, फोटोत छान दिसेल असं काहीतरी. मला वाटतं शोधायचा तो कचरा. एक पातं हवं तसं निघेपर्यंत कितीतरी पट तुकडे वाया जातात, आणि तो कचरा सहसा बनवणारा जिथे बसला तिथेच पडून राहतो. तयार हत्यार माणूस बरोबर घेऊन जातो, ते शिकारीत हरवतं, मोडतं, कोसभर लांब पडतं. कचरा कुणी उचलून नेत नाही. म्हणून चार हातांच्या जागेत बारीक छिलके, फुटके तुकडे आणि एखादा संपलेला गाभा एकत्र दिसला की समजायचं, इथे कुणीतरी मांडी घालून काम केलंय.

गाभा म्हणजे ज्याच्यावरून पाती काढली तो उरलेला दगड. त्याच्या अंगावर वरून खाली एकमेकांना समांतर लांबट खाचे असतात, शेवटी शेवटी तो अंगठ्याएवढा बारीक होतो मग टाकून देतात. गाभा मिळणं म्हणजे मोठी गोष्ट, पण दिसायला काहीच खास नाही म्हणून लोक त्याच्यावर पाय देऊन पुढे जातात.

त्याहून मला आवडणारी वस्तू म्हणजे शिरेवालं पातं. गोटीवरून सरळ पातं निघत नाही, त्याला आधी एक सरळ कणा लागतो. मग कारागीर गोटीच्या एका बाजूला एकदा डावीकडून एकदा उजवीकडून असे छोटे छोटे घाव घालून नागमोडी कणा तयार करायचा आणि त्या कण्यावरून पहिलं पातं उडवायचा. त्या पहिल्या पात्याच्या पाठीवर तो नागमोडी कणा तसाच येतो, आणि आडवा छेद घेतला तर तिकोनी. हे पातं बहुतेक वेळा वापरत नसत, ते कचऱ्यातच जायचं, पण ते निघालं की पुढची पाती एकामागोमाग एक सरळ निघायची. आपल्याकडच्या ताम्रपाषाण काळातल्या वस्त्यांवर ही पद्धत खूप दिसते. घोड नदीकाठचं इनामगाव घ्या, शिरूर तालुक्यातलं, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी तिथे वर्षानुवर्षं खोदकामं केली. साधारण इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती, तांबं माहीत होतं पण तांबं महाग, म्हणून रोजची कापाकापी कॅल्सिडनीच्या पात्यांवर.

आता काळ ओळखायचा प्रश्न, आणि इथे ग्रुपवरची मंडळी सगळ्यात जास्त ठामपणे बोलतात. बारीक हत्यार दिसलं की "मध्याश्मयुग, दहा हजार वर्षं" असं ठोकून देतात. तसं नसतं. बारीक पाती, चंद्रकोरी, त्रिकोण, ज्यांना सूक्ष्मास्त्रं म्हणतात, ती मध्याश्मयुगात भरपूर आहेत हे खरं, लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने ओळीने चिकटवून बाण नाहीतर विळा करायचे. पण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला उत्तर पुराश्मयुगाच्या, म्हणजे मध्याश्मयुगाच्या आधीच्या काळाच्या, थरांपासून ते मध्याश्मयुगापर्यंत सलग पुरावा आहे, तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळालाय, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. हो, शहामृग, जळगाव जिल्ह्यात. आणि दुसऱ्या टोकाला इनामगावचे शेतकरी, ते पण कॅल्सिडनीचीच पाती वापरतायत. म्हणजे नुसतं पातं हातात घेऊन काळ सांगणं म्हणजे अंदाजपंचे. सोबत काय आहे ते बघायचं. लाल खापरावर काळी नक्षी असेल तर जोर्वे प्रकारची खापरं आहेत का ते बघा (संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून ते नाव पडलं), आणि जागा पांढरीच्या (म्हणजे जुन्या वस्तीच्या राखट मातीच्या) टेकाडाची असेल तर वस्ती असण्याची शक्यता जास्त. खापराचा तुकडाही नाही आणि उघड्या माळावर नुसते छिलके, तर गोष्ट वेगळी.

मोठी हत्यारं म्हणजे हातकुऱ्हाडी, क्लीव्हर (रुंद सरळ धारेचं हत्यार) वगैरे, ती बहुतेक बेसॉल्ट किंवा डोलेराइटची, म्हणजे बेसॉल्टच्याच जातीच्या कातळाची. नेवाशाजवळ चिरकी नाल्याला गुड्रून कॉर्व्हिनस या जर्मन बाईंनी १९६०च्या दशकात खोदकाम केलं तिथे ती मोठ्या संख्येने मिळाली. नेवाशात त्याआधी १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांनी खणलं होतं. जुन्नरकडे कुकडीकाठी बोरीला तर हत्यारांसोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, आणि ती राख नक्की कधीची यावर अभ्यासकांत बराच वाद झालाय. बेसॉल्टची हत्यारं ओळखणं गारगोटीपेक्षा अवघड, कारण कातळ झिजतो, खाच्यांच्या कडा बोथट होतात, आणि नदीत गडगडत आलेला कुठलाही चपटा गोटा हातकुऱ्हाडीसारखा वाटायला लागतो. दोन्ही तोंडांवर खाचे, आणि कड बाजूने बघितली तर बऱ्यापैकी सरळ, एवढं तरी हवं. नाहीतर तो गोटाच.

बरं, सापडलं. आता काय करायचं? पहिली गोष्ट, उचलून नेऊ नका. खरंच. आहे त्या जागी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, पट्टी नसेल तर नाणं चालेल पण कितीचं नाणं ते लिहून ठेवा. मग चार पावलं मागे जाऊन आजूबाजूच्या जमिनीचा एक, आणि पार लांबून ओढा, टेकडी, बांध दिसेल असा एक. मोबाईलवर लोकेशनचे आकडे मिळतात ते कॉपी करा. त्यासोबत गावाचं नाव, शिवार, जमत असेल तर गट नंबर, कारण आकडा टाइप करताना एक अंक चुकला तर जागा कुठल्या कुठे जाते, गट नंबर तेवढा भटकत नाही. जमीन कशी आहे, मुरमाड की काळी, नांगरलेली की पडीक, उतार कुठे. किती जागेत तुकडे पसरलेत, आणि दाट की विरळ. आणि मालकाला सांगा, विचारा. शेतकऱ्याला आपल्या रानातली अशी जागा बहुतेक वेळा आधीच माहीत असते, "तिकडं वरल्या अंगाला लई गारगोट्या हायेत, पायाला लागत्यात" असं तो सहज सांगतो आणि तुमची अर्धी चाल वाचते.

खणायचं तर अजिबात नाही. त्यासाठी रीतसर परवानगी लागते, आणि परवानगी बाजूला ठेवली तरी हौसेने खणलेला खड्डा म्हणजे थरांची वाट. कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर १९७२च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू पुरावस्तूंमध्ये येतात, लायसन्सशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत, म्हणून ते किंमत विचारणारे जे असतात त्यांना ग्रुपवरच गप्प करा. १८७८चा निखात निधीचा कायदा तर अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू मिळाली तर कलेक्टरला कळवायचं असं तो म्हणतो. गारगोटीच्या छिलक्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार हा विनोदच आहे, पण कळवणं चांगलं.

कळवायचं कुणाला? इंग्लंडमध्ये १९९७ पासून यासाठी वेगळी योजना आहे, शेतात सापडलेला फ्लिंटचा तुकडा घेऊन माणूस ठरलेल्या अधिकाऱ्याकडे जातो, तो बघून नोंद करतो आणि नोंद सगळ्यांना ऑनलाइन दिसते. आपल्याकडे तालुक्याला अशी खिडकी नाही, हे वाईट आहे आणि ते बदलायला पाहिजे. तोवर राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं विभागीय कार्यालय, पुण्यात डेक्कन कॉलेज, नाहीतर जवळच्या विद्यापीठाचा विभाग, यांना फोटो आणि माहितीसकट ईमेल टाका. उत्तर यायला वेळ लागतो, कधी येत पण नाही, तरी टाका, तुमच्याकडे तारखेसकट पुरावा राहतो आणि उद्या तिथे प्लॉटिंग झालं किंवा मुरमासाठी जेसीबी लागला तरी जागेची नोंद कुठेतरी असते. मात्र अचूक लोकेशन ग्रुपवर टाकू नका. तिथे तालुक्यापर्यंत सांगितलं तरी पुरे, नाहीतर पुढच्या रविवारी पिशव्या घेऊन माणसं हजर.

शेवटचं, चित्र काढायला शिका. पांढऱ्या गारगोटीचा फोटो कधीच नीट येत नाही, उजेड आरपार जातो आणि खाचे सपाट दिसतात. सकाळच्या तिरप्या उन्हात थोडं बरं येतं पण चित्राची सर नाही. पद्धत सोपी आहे. आहे त्या जागी, वरून सरळ बघून, पट्टीने मापं घेत बाह्यरेषा काढायची, घावाचं टोक नेहमी खाली ठेवायचं, उजेड वर डावीकडून येतोय असं धरून छटा द्यायची, खाच्यांच्या कडा ठळक आणि आतली वलयं बारीक रेघांनी, प्रत्येक खाचा कुठून निघाला ते बाणाने दाखवायचं. मग पोट, म्हणजे बल्बची बाजू, मग आडवा छेद. माझी चित्रं काही सुंदर येत नाहीत, पण काढताना प्रत्येक खाच्याकडे बघावंच लागतं आणि नुसतं बघून सुटलेला एखादा खाचा तेव्हा हमखास दिसतो. पेन्सिल एचबी चालेल. कागदाच्या कोपऱ्यात गाव, गट नंबर आणि तारीख, आणि दगड जिथला तिथे.